कवचातले बुडबुडे

निंगला पहिला बुडबुडा दिसला तेव्हा गुरुवारचे सकाळचे दहा वाजले होते, आणि तिला वाटलं पडद्यावर धूळ बसलीय. तिने बाहीने पडदा पुसला. बुडबुडा जागचा हलला नाही. तिने चित्र मोठं केलं तर त्याच्या शेजारी आणखी एक होता, त्याच्या खाली तीन, आणि मग अख्खी ओळ, दाताच्या बाहेरच्या अंगाने वरपासून खालपर्यंत गेलेली. 

दगड झालेल्या दातात बुडबुडे कधी नसतात. भेगा असतात, माती असते, किड्यांनी पोखरलेली बिळंसुद्धा असतात. गोल गोल बुडबुडे फक्त गोंदात असतात, घाईने लावलेल्या.

आणि दात काही ऐरागैरा नव्हता. निंगच्या वडिलांना, सादिमिन यांना, जावा बेटावरच्या सोलो नदीच्या खोऱ्यातल्या त्यांच्याच शेताच्या बांधावर तो सापडला होता. चावायची बाजू इतकी झिजलेली की नुसत्या डोळ्यांनी माणसाच्या वंशाचा की ओरांगउटानचा हे कुणालाच सांगता येईना. तिथे निंगची विद्या कामाला आली. जोगजा शहरातल्या प्रयोगशाळेत बसून तिने दाताच्या एनॅमलची, म्हणजे वरच्या पांढऱ्या कवचाची, जाडी मोजली. माणसाच्या वंशाचं कवच जाड, चिंपांझीचं पातळ, आणि ओरांगउटान मधेच कुठेतरी लोंबकळणारा. जावात दोघांचेही जुने दात सापडतात, सगळा घोळ त्याच्यामुळेच. निंगचा आकडा आला वीस. वीस म्हणजे माणूस. त्या एका आकड्यावर तिचा प्रबंध झाला, नोकरी झाली, गावाच्या वेशीवर सिमेंटचा पुरुषभर उंचीचा दात उभा राहिला, आणि आता सोमवारी गावातल्या संग्रहालयात त्या दाताचं दालन उघडायचं होतं. सादिमिन पहिल्या रांगेत बसणार होते.

तिची पहिली मोजणी दंतवैद्यांच्या कॉलेजातल्या यंत्रावर झाली होती. जिवंत माणसांचे जबडे बघायचं यंत्र ते, त्याचं चित्र म्हणजे जाड जाड ठिपके. त्यात गोंद काय आणि कवच काय, सगळं सारखंच पांढरं. आता प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं होतं, केसाहून बारीकही दाखवणारं. दालनाच्या भिंतीवर लावायला सुंदर चित्रं हवीत म्हणून प्रमुखबाईंनी, इबू सुहार्तींनी, दात पुन्हा यंत्रात घालायला सांगितला होता. सुंदर चित्रं, बघा. एवढंच काम होतं.

"झाला का गं नवरीचा मेकअप?" दार्तो मागून आला. हा तिच्या शेजारच्या टेबलावरचा, हातात तळलेल्या केळ्यांची पुडी. निंगने झटकन दुसरी खिडकी उघडली. पडद्यावर गेल्या वर्षीच्या गिबनची कवटी आली.

"होतोय, मास." मास म्हणजे दादा; तो वयाने मोठा, म्हणून ती तसं म्हणायची.

"नवरी गिबन दिसतेय."

"तुझ्याकडे बघून पडद्याचा आरसा झाला असेल."

दार्तो हसला, एक केळं तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "इबू विचारत होत्या. शनिवारी दुपारपर्यंत छपाईला द्यायचंय. केळं खा ना, गार होतंय."

"पोट भरलंय," निंग म्हणाली. सकाळपासून तिने पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं.

तो गेल्यावर तिने जे करायला नको होतं तेच केलं. दाताच्या दोन शिखरांच्या टोकांतून उभा छेद घेतला, तसाच जसा नेहमी घ्यायचा, पडद्यावरच, खऱ्या दाताला सुरी न लावता. बुडबुड्यांच्या ओळीच्या बाहेर जे काही पांढरं होतं त्याला वेगळा रंग भरला. मग तो रंग पुसून टाकला. उरलेल्या कवचाचे ठिपके यंत्राने मोजले, आतल्या गाभ्याच्या मापाने भागले, आणि खालच्या कोपऱ्यात आकडा दिला. सोळाला थोडा कमी. तिने छेद एक केसभर तिरपा झाला असेल म्हणून पुन्हा घेतला. छेद तिरपा असला की कवच फुगतं, हे ती पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायची. पण तिरपा केला तरी सोळा काही सुटेना. ओरांगउटान.

तिने सगळं पूर्ववत केलं, पुसलेला थर परत आणला आणि खुर्चीत मागे टेकली. उजव्या हाताची दोन बोटं ती एकमेकांवर घासत राहिली, विचार करताना घासायची तशी. आकडा खोटा ठरला याची भीती होतीच, पण ती भीती दुय्यम होती. पहिली भीती त्या थराची होती, कारण तो थर तिने ओळखला होता.

रानम्हशीच्या फुटक्या दातांची भुकटी करायची, वस्त्रगाळ. तिच्यात दोन थेंब झटपट गोंद. बोटाने चोपडायचं, मधे जाड, कडेला पातळ. मग सागाच्या पानांच्या काढ्यात बुडवून ठेवायचं म्हणजे रंग जुना येतो. ही रीत त्यांच्या घरची. सादिमिन आणि त्यांचा धाकटा भाऊ केमिन, निंगचा लिक म्हणजे काका, पूर्वी पडवीत बसून फुटकी हाडं सांधायचे, दगडाच्या कुऱ्हाडी घडवायचे, येणारे-जाणारे आठवण म्हणून घेऊन जायचे. गावात निम्म्या घरांत हाच उद्योग होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मग एका सकाळी पोलिसांची गाडी आली. कुणीतरी केमिनकडून नेलेली कवटी परदेशात जाताना विमानतळावर धरली गेली होती, आणि तिच्या गालाचं हाड भलत्याच प्राण्याचं निघालं होतं. केमिन तेव्हा अंगणात दात घासत होता. त्याला बनियनवरच नेलं. सदरा घालू दे म्हणाला, तेवढंही दिलं नाही. अख्खी आळी बघत होती. अकरा महिन्यांनी परत आला तो जिवंत होता एवढंच. पुढे मरेपर्यंत त्याने कुणाशी चार वाक्यं सलग बोलल्याचं निंगला आठवत नव्हतं.

आणि आता बापाने सरकारी संग्रहालयाला सांधलेला दात दिला. तिच्याच हाताने माणसाचा ठरवून घेतला. केमिनवर पुराणवस्तूंच्या कायद्याचं जे कलम लागलं होतं ते नंतर आणखी कडक झालंय, हे निंगला पाठ होतं, दरवर्षी नव्या पोरांना तीच तर सांगायची. बहात्तर वर्षांचा माणूस. बनियनवर नेतील. तिला एवढंच दिसत होतं, दुसरं काही नाही.

तिने इबूंना निरोप पाठवला की बापाकना, म्हणजे वडिलांना, बरं नाही, गावी जाऊन येते. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली असं नाही, पण इतकं पटकन सुचलं याचीच तिला धास्ती वाटली.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने ती सोलो शहरात उतरली आणि पुढे भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गावाकडे निघाली. गाडीवाला बोलका होता. वेशीवरच्या सिमेंटच्या दाताशी आल्यावर म्हणाला, "हा आमचा आजोबा. याच्यामुळे रस्ता डांबरी झाला."  दाताच्या पायथ्याशी कुणीतरी फुलं वाहिली होती, आणि दाताच्या डोक्यावर एक कोंबडा बसला होता.

घरी पोचली तर पडवीत इस्त्रीचा वास. सादिमिन जुम्म्याची नमाज आटपून आले होते, लुंगी गुडघ्यांवर खोचलेली, आणि टेबलावर तपकिरी बातिकचा सदरा पसरून त्याची बाही तिसऱ्यांदा दाबत होते.

"न्दुक?" ते तिला अजून असंच हाक मारत, पोरी म्हणून. "आज कशी? सोमवारी येणार होतीस ना."

"आले सहज."

"सहज येणारी माणसं आधी फोन करतात. जेवलीस?"

"भूक नाही."

"भूक नाही म्हणे. तोंड बघ, उन्हात वाळत घातलेल्या टेम्पेच्या वडीसारखं झालंय." त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली, चहा ओतला, तिच्या लहानपणी घालायचे तेवढी साखर घातली. "ही बाही बघ. पहिल्या रांगेत बसायचं तर बाहीला घडी नको. समोरून फोटो घेतात."

निंगने चहा हातात धरला. सकाळपासून मनात जुळवलेली सगळी वाक्यं कुठेतरी पळाली होती. शेवटी तोंडातून आलं ते असं: "बापाक, दाताच्या बाजूला गोंद आहे."

"हो, आहे ना," सादिमिन म्हणाले आणि पुन्हा इस्त्री उचलली.

तिने चहा तसाच खाली ठेवला. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

"मग बोलला का नाहीत? दात दिलात तेव्हा? तीन वर्षं, बापाक. तीन वर्षं मी जगभर सांगत फिरतेय माणसाचा म्हणून. तो वरचा थर काढला तर दात ओरांगउटानचा आहे. कळतंय का? सोमवारी हे बाहेर आलं तर तुम्हाला नेतील. लिक केमिनला नेलं तसं नेतील."  ती रडत होती आणि रडणं थांबवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

केमिनचं नाव निघाल्याबरोबर म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. इस्त्री त्यांनी नीट उभी करून ठेवली, तार ओढून काढली. मग आत गेले. निंगला आतून पेटी सरकवल्याचा आवाज आला आणि बऱ्याच वेळाने ते बिस्किटांचा एक गंजका डबा घेऊन बाहेर आले.

"दात माझ्या कुदळीने फुटला," ते म्हणाले. "केमिनला नेलं त्याच्या आदल्या दिवशी. बाजूचा कागदाइतका पातळ टवका उडाला. मी घरी येऊन डोकं धरून बसलो, इतकी वर्षं खणतोय, असा दात कधी हाती लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी गाडी आली. तुझी आई आजारी, मी चौकीवर चकरा मारतोय, घरात कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. तू तेव्हा किती, नऊ वर्षांची. तुझ्या डोक्यात कुणी घातलं कुणास ठाऊक, तू ठरवलंस की बापाकने दात फोडला म्हणून काकाला नेलं. दात सांधला की सोडतील."

निंगने डोळे पुसले.

"चौथ्या दिवशी मी घरी आलो तर तू पडवीत. हाताची दोन बोटं गोंदाने चिकटलेली. म्हणालीस, झाला नीट, आता चौकीवर नेऊन दाखवा." सादिमिननी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "बोटं सोडवायला मला एक तास लागला. गरम पाणी आणि खोबरेल. तू एकदाही ओरडली नाहीस."

तिला दात आठवला नाही. खोबरेल आठवलं. कोमट खोबरेलाचा वास आणि बोटांच्या मधली ओढ, आणि अंगणाकडे कान लावून बसलेली आपण, गाडी परत येतेय का म्हणून. तिने उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर घासली. इतकी वर्षं तिला वाटायचं की ही सवय तिला विचार करताना लागलीय.

"मग तो दात मी कुणालाच दिला नाही," सादिमिन म्हणाले. "किती जण मागायला आले. डब्यात ठेवला. तू शिकलीस, मोजायला लागलीस, तेव्हा म्हटलं आता द्यावा, आपली पोरच मोजेल. आणि बोललो नाही कसं म्हणतेस? हे काय?"

डब्यात केमिनचा एक फोटो होता, आईच्या कानातलं होतं, आणि घडी घातलेला कागद. संग्रहालयात वस्तू जमा करतानाचा अर्ज, त्याची सादिमिनकडची प्रत, कारकुनाचा शिक्का असलेली. "वस्तूची दुरुस्ती केली आहे काय" या रकान्यात त्यांच्या वळणदार, शाळा अर्धवट सुटलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: बाजू फुटली होती. घरी मुलीने भुकटी लावून सांधली आहे.

निंगने ते तीनदा वाचलं. तिच्या प्रबंधात एक तक्ता होता. दाताचा क्रमांक, कुठे सापडला, कोणत्या यंत्रावर पाहिला, आणि शेवटचा रकाना, दुरुस्ती. तिथे तिने "नाही" लिहिलं होतं. अर्ज बघितला नव्हता. आपल्या बापाचाच दात, आपल्याच गावचा, त्याचा कागद कशाला मागवायचा, असं तिला वाटलं होतं. दुसऱ्या कुणाचा दात असता तर तिने कागद मागवून, दोनदा तपासून, वर कारकुनाला चार शब्द सुनावले असते.

"मला वाटलं तुला दिसलाच असेल गोंद," म्हातारा म्हणाला. "तूच म्हणाली होतीस ना, यंत्राला आरपार दिसतं. दिसूनही तू माणूस म्हणालीस, तर असेल माणूस. मी कोण शंका घेणारा?"

 शेजारच्या घरात सोमवारच्या कार्यक्रमासाठी पोरींच्या नाचाची तालीम चालली होती, एकच ओळ पुन्हा पुन्हा. बाप सुटला, हे निंगच्या हळूहळू ध्यानात आलं. कागदावर शिक्का होता, बापाचा केसही वाकडा होणार नव्हता. आता जी काय चौकशी होईल ती "नाही" लिहिणारीची. नोकरी जाईल, पदवी जाईल, लोक म्हणतील बापाला मोठं करायला पोरीने आकडा फुगवला, आणि तिच्यावर विश्वास कोण ठेवणार?  कालपासून बापासाठी भीत होती ती बरी म्हणायची, निदान त्यात स्वतःची लाज वाटत नव्हती.

सादिमिननी तिचं तोंड वाचलं असणार. त्यांनी कागद तिच्या हातातून काढून घेतला आणि घडी घातली.

"हा चुलीत घालू," ते म्हणाले. "संग्रहालयातली प्रत तीन वर्षांत कुणी उघडली नाही. मी सांगतो की मी सांधला आणि लपवला. तुला काही माहीत नव्हतं. मी म्हातारा, मला काय करणार आहेत?"  दारासमोरून सरकारी टोपीवाला कुणी गेला तरी हा माणूस बावीस वर्षं मागच्या दाराने परसात जाऊन उभा राहायचा.

निंगला सुटल्यासारखं वाटलं. क्षणभर, पण वाटलं. छातीवरचा दगड कुणीतरी उचलल्यासारखं हलकं. आणि लगेच तिला स्वतःची इतकी किळस आली की तिने फोन काढला आणि विचार करायला वेळ मिळायच्या आत इबू सुहार्तींचा नंबर लावला.

"हां, निंग. वडील कसे आहेत?"

"बरे आहेत. मी खोटं बोलले, इबू." मग ती सांगत गेली. बुडबुडे, थर, वीस आणि सोळा.  पलीकडे खुर्ची करकरल्यासारखं वाटलं.

"सांधला कुणी?" इबूंनी विचारलं.

सादिमिन फोनवर वाकले. "इबू, मीच..."

निंगने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "मी," ती म्हणाली. "नऊ वर्षांची होते. बापाकनी अर्जात लिहिलंय तसं. मी अर्ज न बघता तक्त्यात नाही म्हणून लिहिलं."

 मग इबू म्हणाल्या, "तो कागद जपून ठेव. कुणाशी एक अक्षर बोलू नकोस. छपाईसाठी इथे आलेले संग्रहालयाचे लोक आणि मी, आम्ही गाडी घेऊन निघतोय. तीन तासांत पोचतो. घर सोडून कुठे जायचं नाही." आणि फोन बंद झाला.

आवाजात राग होता की काय होतं, निंगला काही कळलं नाही. तिने जे ऐकलं ते जसंच्या तसं बापाला सांगितलं. गाडी येतेय म्हणाली.

"गाडी," सादिमिन म्हणाले.

ते उठले. टेबलावरचा बातिकचा सदरा उचलून अंगात घातला आणि खालपासून वरपर्यंत एकेक गुंडी लावायला लागले. वरची गुंडी बोटांना सापडेना, तेव्हा निंगने उठून ती लावून दिली.

"बापाक, तुम्हाला कुणी नेणार नाहीय. मी सांगितलं ना, मी केलं."

"कळलं मला." त्यांनी डोक्यावरची काळी टोपी नीट केली, कागद सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि पडवीतल्या बाकावर, रस्त्याकडे तोंड करून बसले. थोड्या वेळाने सरकून शेजारी जागा केली.

"तूही तोंड धू, न्दुक," ते म्हणाले. "केस विंचर. आणि चांगला कुर्ता घाल."